काळा रंग आणि काळोख

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण नेमून दिलेला आहे. भयानकाचा वर्ण कृष्ण, बीभत्साचा नील आणि करुणाचा कपोत, म्हणजे पारव्याच्या पाठीचा करडा. आधुनिक समीक्षकांनी या वर्णव्यवस्थेकडे बहुधा एक सांकेतिक आणि कालबाह्य तपशील म्हणूनच पाहिले. आणि रंगभूमीवरील मुखलेपनापुरताच तिचा विचार करावयाचा असेल तर ते वावगेही नाही. तथापि अलीकडच्या काळातील चित्रे, छायाचित्रे आणि चित्रपट यांच्यासंबंधी जी चर्चा कानावर येते, तिच्यातील एक गोंधळ उलगडण्यास हा जुना तपशील अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. मृत्यू, उपासमार, दंगल, वेड यांपैकी कशालाही स्पर्श करणाऱ्या कलाकृतीला सरसकट 'डार्क' म्हणण्याचा प्रघात आता पडला आहे. हा शब्द मराठी चित्रपट-परीक्षणांतही देवनागरी पोशाखात सुखाने नांदतो. 'काळी' म्हटले तर रंगाचा बोध होतो, 'अंधारी' म्हटले तर प्रकाशाच्या अभावाचा, 'भीषण' म्हटले तर परिणामाचा. 'डार्क' या एका शब्दात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जातात, आणि मिसळले आहेत हे ध्यानातही येत नाही. परिणामी काळी शाई आणि कमी उजेड एवढ्या भांडवलावर एखाद्या कृतीला गांभीर्याचे प्रशस्तिपत्र मिळू शकते.

वास्तविक भरताने कृष्णवर्ण भयाला दिला, दुःखाला दिला नाही. भय हे पाहणाऱ्याचे असते. शोक हा ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याचा असतो. काळा रंग प्रेक्षकाला दचकवतो, म्हणून तो प्रेक्षकाच्या बाजूचा रंग आहे. करड्यात दचकण्यासारखे काही नसते. गेल्या ऐंशी वर्षांतील भारतीय दृश्यकलेत ज्या कृतींनी मानवी यातनेला खरोखर हात घातला, त्यांतील कित्येक कृती काळ्या रंगापासून दूर राहिलेल्या आढळतात, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

करुण रसापासून आनंद का होतो, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. न. चिं. केळकरांनी त्याला सविकल्प समाधीचे उत्तर दिले: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु स्वतःचे भान सोडीत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे. मर्ढेकरांनी प्रश्नाचा रोखच बदलून सौंदर्याचा शोध भावनेत न घेता लयीत, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल यांच्या रचनेत घेतला. दोन्ही उपपत्तींचे सामर्थ्य मान्य करूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या मुख्यतः काव्य-नाटकांच्या संदर्भात घडलेल्या आहेत, आणि काव्यातील मृत व्यक्ती कवीने निर्माण केलेली असते. छायाचित्रातील मृत मूल मात्र खरोखर मेलेले असते. त्याच्या आईने ते चित्र पाहिले असण्याची शक्यता असते. तेथे 'आनंद का होतो' हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. 'आनंद व्हावा काय' असे त्याचे रूप होते. समाधी सविकल्प असो की निर्विकल्प, ती कोणाच्या जिवावर लागली याचा हिशेब द्यावा लागतो.

हा हिशेब सर्वांत प्रामाणिकपणे दिला तो १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने घडविलेल्या चित्रकारांनी. वीस ते तीस लाख माणसे ज्यात दगावली असे मानले जाते, त्या दुष्काळात चित्तप्रसाद भट्टाचार्य मेदिनीपूर जिल्ह्यातून पायी हिंडला आणि शाईने रेखाटने करीत गेला. त्यांतून 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका तयार झाली. सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. वाचलेल्या एका प्रतीवरून २०११ साली तिची प्रतिकृती निघाली. चित्तप्रसादची शाई काळीच आहे, आणि त्याच्या रेषेत संतापही आहे. परंतु त्याच्या रेखाटनांतील विशेष रेषेपाशी संपत नाही. समोर बसलेल्या भुकेल्या माणसाचे नाव, गाव, धंदा तो टिपून ठेवीत असे. हा तपशील लहान वाटला तरी त्याने चित्राचा सारा नैतिक तोल बदलतो. नावाशिवायचा हाडांचा सापळा हे दुष्काळाचे प्रतीक होते, आणि प्रतीकाला भूक लागत नाही. नाव लिहिले की तो सापळा पुन्हा कोळी होतो, शेतकरी होतो, कोणाचा तरी बाप होतो. याच चित्तप्रसादने पुढे आयुष्याचा मोठा काळ मुंबईच्या अंधेरीत एकाकीपणे काढला. बोरकाम, लिनोकाम आणि मुलांसाठी कळसूत्री बाहुल्या हे त्याचे उत्तरायुष्यातील उद्योग होते. मराठी रसिकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही, ही गोष्ट येथे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

चित्तप्रसादच्या सहवासात चितगावच्या ज्या तरुणाने प्रथम उपासमारीची रेखाटने केली, तो सोमनाथ होर (१९२१–२००६). होरचा पुढील प्रवास हा या विवेचनाचा गाभा आहे. दुष्काळ, १९४६ चे तेभागा आंदोलन, फाळणी, व्हिएतनाममधील युद्ध आणि बांगलादेशच्या वेळचे हत्याकांड हे सर्व एका आयुष्यात ज्याच्या वाट्याला आले, त्याने काळ्या शाईचे आणखी ठसे काढीत राहावे हेच अपेक्षित होते. त्याने तसे काढलेही, आणि लाकूडठसा व धातुठसा या माध्यमांत त्याचे प्रभुत्व निर्विवाद होते. परंतु १९७० नंतर शांतिनिकेतनात त्याने 'वून्ड्स' म्हणजे 'जखमा' ही जी मालिका हाती घेतली, तिच्यात शाईच नाही. मातीच्या किंवा मेणाच्या पत्र्यावर सुरीने चरे पाडावयाचे, तापलेल्या सळईने भोसकावयाचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यावयाचा आणि त्या साच्यात ओल्या कागदाचा लगदा दाबावयाचा, अशी ती पद्धती. लगदा वाळला की हाती येतो एक पांढरा जाड कागद. त्यावर पांढऱ्यातच उठलेले व्रण असतात, फाटलेली कड असते, क्वचित कोठे तांबूस डाग असतो. मानवाकृती नाही, प्रसंग नाही, नाव नाही.

हा कागद लांबून पाहिला तर कोराच वाटतो. जवळ गेल्यावर, आणि उजेड बाजूने पडत असेल तरच, त्यावरचे ओरखडे दिसू लागतात. म्हणजे येथे काळोख चित्रात भरलेला नाही. पाहणाऱ्याने उजेड योग्य दिशेने आणला तर प्रत्येक जखमेची स्वतःची सावली पडते, आणि तेवढीच काय ती चित्रातील काळिमा. दचकवण्याची सोय कलावंताने आपण होऊन सोडून दिली आहे. छपाईचा कागद एरवी जखमेचे चित्र वाहून नेतो. येथे कागदाच्याच अंगावर जखम आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर विरोधलय जवळजवळ शून्यावर आणून उरलेल्या सूक्ष्म भेदावर सारा भार टाकण्याचे हे धाडस आहे. ते साधले आहे काय? काही कागदांत साधलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. काही ठिकाणी पांढऱ्यावरचा पांढरा पोत इतका मोहक होतो की तो उत्तम हस्तव्यवसायाचा नमुना वाटू लागतो, आणि व्रण विसरून बोट फिरवून पाहण्याचा मोह होतो. परंतु ज्या कागदांत चरा एकच आहे, खोल आहे आणि त्याच्या कडा वर उचललेल्या आहेत, तेथे रचना, आशय आणि माध्यम यांना वेगळे करता येत नाही. भारतीय मुद्राचित्रणात याहून काळोखी कृती दाखविणे कठीण आहे, आणि ती पांढरी आहे.

होरच्या कलेवर नियतीने एक क्रूर टीपही लिहून ठेवली. व्हिएतनामी जनतेला वंदन म्हणून त्याने घडविलेले आई आणि मुलाचे मोठे कांस्यशिल्प १९७७ साली, पूर्ण झाल्यानंतर थोड्याच काळात, कलाभवनातून चोरीस गेले आणि पुन्हा कधीही सापडले नाही.

छायाचित्रकाराला होरचा मार्ग मोकळा नाही. कॅमेऱ्यासमोर जे आहे ते येणारच. निवड फक्त कोठे उभे राहावयाचे, केव्हा कळ दाबावयाची आणि रंग ठेवावयाचा की काढावयाचा एवढ्याचीच. ही निवड किती निर्णायक असते याचा विलक्षण पुरावा भोपाळने दिला. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतरच्या दफनांपैकी एका लहान मुलाच्या दफनाची छायाचित्रे रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही घेतली. रायचे प्रसिद्ध चित्र कृष्णधवल, बार्थोलोम्यूचे रंगीत. दुसऱ्याला त्या वर्षीचा 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा सर्वोच्च सन्मान मिळाला. पहिले पुढे भोपाळच्या न्यायाच्या मागणीचे जणू बोधचिन्ह झाले. मूल कोणाचे, हे कधी कळले नाही.

दोन्ही चित्रांत मातीतून वर राहिलेला तोच चेहरा आणि तेच उघडे, दुधाळलेले डोळे आहेत. तरीही दोन चित्रे एक नाहीत. रंगीत चित्रात माती मातीच्या रंगाची आहे, खडे खड्यांच्या रंगाचे आहेत आणि त्यांच्यामध्ये त्वचा त्वचेच्या रंगाची आहे. त्यामुळे ते चित्र त्या दिवसाशी, त्या खड्ड्याशी बांधलेले राहते. पाहणाऱ्याला ते कोठेही नेता येत नाही. कृष्णधवल चित्रात रंग गेल्याबरोबर प्रसंगाची तारीखही जरा पुसट होते. चेहरा दगडात कोरल्यासारखा होतो, मूल सर्व मुलांचे प्रतिनिधी होते आणि चित्र स्मारकाच्या पदवीला चढते. स्मारक होण्यात लाभ आहे, म्हणून तर ते चळवळीच्या फलकांवर चढू शकले. पण हानीही आहे. चित्तप्रसादने नाव लिहून जी क्रिया उलटवली होती, तीच येथे पुन्हा सुलट होते. व्यक्तीचे प्रतीक बनते, आणि यावेळी लिहिण्यास नावही उपलब्ध नाही.

मग रायचे चित्र केवळ परिणामकारक म्हणून बाजूला सारावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल, आणि त्याचे कारण त्या चित्रातील हात हे आहे. मुलाच्या कपाळाशी आलेला एका प्रौढ माणसाचा हात चौकटीत आहे. तो माती सारतो आहे, की निरोप घेतो आहे, की केवळ थबकला आहे, याचा निर्णय चित्र देत नाही. पण त्या हातामुळे प्रेक्षक हा त्या मुलाकडे पाहणारा एकमेव मनुष्य राहत नाही. मुलाच्या बाजूचे कोणीतरी तेथे आधीच हजर आहे, आणि प्रेक्षक हा त्याच्या मागे उभा असलेला परका आहे, एवढे स्थान हा हात निश्चित करून देतो. डोळ्यांनी भयानकाचा काळा रंग दिला असेल, तर हातात करुणाचा पारवा रंग आहे. ते चित्र चाळीस वर्षांनंतरही पाहवते आणि पाहून शरम वाटते, ती या हातामुळे.

चित्रकलेत याच कसोटीला दोन मोठे चित्रकार लावून पाहता येतात, आणि निकाल परस्परविरुद्ध लागतो. तय्यब मेहता यांनी १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रोडवर जमावाने एका तरुणाला ठार मारलेले खिडकीतून पाहिले, आणि ते दृश्य त्यांना जन्मभर सोडून गेले नाही. तथापि त्यांच्या परिपक्व काळातील कोसळणाऱ्या आकृत्यांभोवती अंधार नाही. भगवा, मातकट लाल, निळा अशा सपाट, स्वच्छ, जवळजवळ निर्विकार रंगाच्या पृष्ठावर देहाचे तुकडे होतात. वांद्र्याच्या कत्तलखान्यात पाहिलेला पाय बांधून आडवा पाडलेला बैल हे त्यांचे दुसरे मूळ चित्र. १९७० साली केलेल्या 'कूडल' या लघुपटातही तो आहे. हा रंगाचा अलिप्तपणा क्रूर वाटतो, आणि त्याने तसे वाटावयासच हवे. खिडकीखालच्या रस्त्यावरही त्या दिवशी ऊन नेहमीसारखेच पडले असणार. (१९५६ सालचा त्यांचा बांधलेला बैल २०२५ च्या लिलावात ६१ कोटी रुपयांहून अधिक किमतीस गेला. बैलाविषयी यावर अधिक काही बोलण्याची आवश्यकता नाही.)

याउलट गणेश पाइन. १९४६ च्या कलकत्त्यातील दंगलीत प्रेतांनी भरलेली गाडी त्यांनी लहानपणी पाहिली, आणि त्या स्मृतीची पाने त्यांच्या टेंपेरा-चित्रांतून वरचेवर उलटली जातात. थरावर थर चढवून आतून उजळणारा जो गडद निळा आणि तपकिरी अंधार त्यांनी साधला, तो तांत्रिक दृष्ट्या अप्रतिम आहे. परंतु हा अंधार ऊबदार आहे. त्यात हाडे रत्नांसारखी चमकतात, मृत्यू हा जुन्या वाड्यातील दंतकथेसारखा येतो आणि प्रेक्षकाला त्याच्याशेजारी बसावेसे वाटते. अवनींद्रनाथांपासून चालत आलेल्या स्वप्नशीलतेची ही शेवटची मोठी शाखा आहे, आणि तिच्यावर प्रेम करणे सोपे आहे. म्हणूनच एक शंका राहते. हातगाडीवरची प्रेते या चित्रांत विसावली आहेत. कोणालाही जाब न विचारता विसावली आहेत.

ध्वनीच्या क्षेत्रात काळोख कसा निर्माण होतो हे पाहावयाचे असेल, तर ऋत्विक घटक यांच्या 'मेघे ढाका तारा' (१९६०) या चित्रपटाकडे वळावे लागते. कथा सांगितली तर रडकी वाटेल: फाळणीत उखडलेल्या कुटुंबातील थोरली मुलगी नीता सर्वांना पोसते, सर्वजण तिला वापरून घेतात, प्रियकर धाकट्या बहिणीशी लग्न करतो आणि नीता क्षयाने खंगते. घटकांनी या कौटुंबिक मेलोड्रामाची लाज बाळगली नाही. त्यांनी त्याच्या पोटात ध्वनीची सुरी खुपसली. प्रियकराच्या खोलीत आपली बहीण आहे हे उमगून नीता जिना उतरू लागते तेव्हा चाबकाचे फटकारे ऐकू येतात. चाबूक कोठेही नाही. भाऊ शंकर आणि ती रात्री रवींद्रनाथांचे गीत म्हणतात, तेव्हा गीताच्या अखेरीस तोच फटकारा पुन्हा येतो, आणि सुरांच्या गाभ्यातून आल्यासारखा येतो. ज्या चित्रपटात हंसध्वनीसारखा प्रसन्न राग भावाच्या उत्कर्षाची ग्वाही देतो, त्याच चित्रपटात त्या उत्कर्षाची किंमत चाबकाने मोजली जाते.

हा फटकारा भडक आहे, असा आक्षेप अनेकांनी घेतला, आणि तो खरा आहे. परंतु तो कोणाला ऐकू येतो याचा विचार आक्षेपकांनी केला नाही. घरातल्या कोणालाही तो ऐकू येत नाही. फक्त प्रेक्षकाला येतो. नीताला मारणारा हात घरच्या मायेत लपलेला आहे, आणि तो उघड करण्यास सूचकता पुरी पडली नसती. शेवटी शिलाँगच्या आरोग्यधामात तिची जगण्याची आर्त हाक डोंगराडोंगरांतून घुमते. हा प्रसंग सर्वांच्या स्मरणात आहे. त्याहून अधिक काळोखी जागा मात्र त्यानंतर येते. वस्तीतल्या रस्त्याने शंकर चालला असता दुसऱ्याच एका मुलीच्या चपलेचा अंगठा तुटतो, ती क्षणभर थांबते आणि तशीच पाय ओढीत पुढे जाते. चित्रपटाच्या आरंभी नीताचीही चप्पल अशीच तुटली होती. येथे चाबूक वाजत नाही. दुपारचा साधा उजेड आहे.

घटक १९६० नंतरच्या दशकात काही काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य होते, आणि मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम यांसारखे विद्यार्थी तेथे त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्याच संस्थेत पुढे शिकलेल्या पायल कपाडिया यांचा 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' (२०२१) हा चित्रपट वरवर पाहता 'डार्क' या शब्दाचा हक्काचा धनी आहे. बहुतांशी कृष्णधवल, खरबरीत कणांचा, रात्रीचा. परंतु त्यातील रात्र भयाची नाही. वसतिगृहातील मुले तेथे नाचतात, गाद्यांवर पडून बोलतात, प्रेम करतात. अंधार त्यांना पांघरुणासारखा आहे. संस्थेतील २०१५ च्या १३९ दिवसांच्या संपाची आठवण त्यात आहे, आणि जातीमुळे तुटलेल्या एका प्रेमाची पत्रे एका मुलीच्या आवाजात वाचली जातात. या ऊबदार अंधाराचा धोका पाइन यांच्या चित्रांसारखाच होता, आणि चित्रपटाचा पूर्वार्ध काही ठिकाणी त्यात सापडतोही. कणांचे सौंदर्य लांबते, पत्रांचा सूर एकाच पट्टीत रेंगाळतो.

त्यातून चित्रपटाला बाहेर काढते ते एक असे दृश्य, ज्याचा छायालेखक कोणीच नाही. दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठाच्या वाचनालयात डिसेंबर २०१९ मध्ये पोलीस शिरले, तेव्हाचे भिंतीवरच्या पाळत-कॅमेऱ्याचे चित्रण कपाडिया यांनी घेतले आहे. खोलीत भरपूर उजेड आहे. मेजे-खुर्च्या स्पष्ट दिसतात, पुस्तके उघडी आहेत, विद्यार्थी कोपऱ्यात दाटतात आणि लाठ्या वरखाली होतात. वरच्या कोपऱ्यातून पाहणाऱ्या त्या यंत्राला ना काळ्या रंगाची आवड, ना करड्याची. इतका वेळ रात्रीत राहिलेल्या डोळ्यांना हा उजेड बोचतो, आणि त्या बोचण्यासाठीच आधीची सारी रात्र रचली होती की काय असे वाटू लागते.

पत्रे लिहिणारी मुलगी मात्र चित्रपटात केवळ 'एल' या एका अक्षराने ओळखली जाते. तिची पत्रे वसतिगृहात सापडली, अशी चित्रपटाची योजना आहे. मेदिनीपूरच्या उपाशी माणसाला प्रतीक होण्यापासून वाचविण्यासाठी चित्तप्रसादने रेखाटनाशेजारी त्याचे नाव लिहिले होते. जातीबाहेर प्रेम करणाऱ्या आणि संपात उभ्या राहिलेल्या या मुलीचे नाव दिग्दर्शिकेने झाकून ठेवले आहे, आणि तिचा चेहराही शेवटपर्यंत उजेडात आणलेला नाही.